मुका स

लूप्याँ, १६ जानेवारी

प्रिय नोएली,

तुझा गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डात "चालतंय" एवढंच लिहिलं होतंस. चालतंय म्हणजे गुडघा चालतोय की त्याच्यावाचून तू चालतेस, ते काही उमगलं नाही. तुझ्या ओमेरचा खोकला गेला का? त्याला म्हणावं, तुमच्या त्या ओल्या हवेत उघड्या गळ्याने बागेत उभं राहायचं वय आता नाही. लेकीची, लुदिव्हीनची, तब्येत बाळंतपणानंतर भरली का? बाळ बसायला लागलं असेल, दात दिसतायत का? आणि तुमचं ते आंधळं कुत्रं आहे ना अजून? त्याचंही विचारून ठेवतो, नाहीतर म्हणशील, दादाने घरातल्या एकाला वगळलं.

मी बरा आहे. कंबर कुरकुरते, पण कंबरेचं ऐकायला लागलो तर बिछान्यातच राहावं लागेल. शेजारची झेली अजून धक्क्यावर कालवं फोडून विकते. हातातल्या सुरीपेक्षा जीभ धारदार, ती तशीच आहे. परवा मला म्हणाली, "फुल्क्राँ, तुझी टोपी तुझ्याआधी म्हातारी झाली, तिला तरी पेन्शन दे." तळ्यावर उत्तरेचा वारा चार दिवस सुटलाय. होड्या बांधलेल्याच आहेत.

ब्लेझ ठीक आहे. थोडा थकलाय. थंडीमुळे बोलताना जरा अडखळतो.

हे पत्र लिहितोय ते त्याला ठाऊक नाही. तुझं नाव या घरात निघत नाही, हे तुला सांगायला नको. पण नोएली, आपण तिघंच राहिलो. दोन म्हातारे इथे आणि एक म्हातारी तिकडे उत्तरेत, रूबे गावात. (म्हातारी म्हटलं म्हणून रागावू नकोस, तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेस हे मी सगळ्यांना सांगतो.) आईच्या मातीच्या दिवसाचं मला उगाळायचं नाही. फक्त एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय, की असं का केलंस? त्या दिवशी ब्लेझने आईची पेटी चर्चच्या दारात थांबवून धरली होती. पाद्रीबाबा दोनदा बाहेर येऊन घड्याळ दाखवून गेले. सगळं गाव टोप्या हातात घेऊन वाऱ्यात उभं. ब्लेझ रस्त्याच्या वळणाकडे बघत होता आणि येईल त्याला सांगत होता, "माझी बहीण निघालीय. येईन म्हणालीय." अंधार पडायला लागला तेव्हा कबर खणणारेच म्हणाले, आता नाही थांबता येणार.

तू "व्यँद्रे" म्हणाली होतीस. येईन. मी शेजारीच होतो, फोनचा आवाज मोठा केलेला होता. दोनदा म्हणालीस, रडत रडत. मग आली का नाहीस?

उत्तरात शिव्या दिल्यास तरी चालेल. उत्तर दे.

तुझा
फुल्क्राँदादा


लूप्याँ, ९ फेब्रुवारी

प्रिय नोएली,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. शिव्या चालतील म्हटलं होतं, पण तू शिव्याही दिल्या नाहीस. शिव्या बऱ्या होत्या.

तू लिहितेस, "येईन असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पोटावर टाके होते, बिछान्यातून उठवत नव्हतं. येता येणार नाही हेच मी ब्लेझला सांगितलं, आणि त्याला ते कळलं होतं. तरी नंतर फोन करून त्याने मला आईची मारेकरीण असल्यासारखं बोलून घेतलं."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. टाक्यांचं मला माहीत नव्हतं. तू आजारी होतीस हे तेव्हा कुणी विचारलंच नाही, मीही नाही. पण नोएली, माझे कान तेव्हा ठणठणीत होते. मी काय ऐकलं ते मी ऐकलं. आता एक भाऊ खोटा की बहीण खोटी, यातलं काय निवडू? दोन्ही नको म्हणून कागद घडी करून खिशात घातला आणि धक्क्यावर जाऊन बसलो.

आता दुसरं. ब्लेझ थंडीमुळे अडखळतो असं लिहिलं होतं, ते खरं नाही. ऑक्टोबरात तो छपरीत कोसळला. तळ्यात वाढवायची कालवं दोराला चिकटवत बसला होता, हातातल्या सिमेंटसकट आडवा झाला. मेंदूत रक्त अडलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इस्पितळातून महिनाभराने घरी आणला. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू दयेपोटी आली असतीस, आणि तो त्या अवस्थेतही तुझ्याकडे पाठ फिरवून झोपला असता. ओळखतेस ना त्याला.

आठवड्यातून दोनदा बोलण्याचा व्यायाम घ्यायला क्लोतिल्दबाई येतात. बाई म्हणायचं, पण लुदिव्हीनपेक्षा लहान असेल. मूळची वरच्या मुलखातल्या तूर शहराची, म्हणजे बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलेला. तिची पद्धत अशी, की शब्दाचे जितके तुकडे पडतात तितक्या टिचक्या टेबलावर मारायच्या. जीभ विसरली तरी हाताला आठवतं, म्हणते. आधी तीन-चार तुकड्यांची नावं घेतली, ती ब्लेझने डाव्या हाताने बरोबर वाजवली. मग क्रियापदं आली. "ते गातात" हे ती "शाँत" असं म्हणाली आणि एक टिचकी मारली. ब्लेझने दोन मारल्या. शाँ-त. तिने पुन्हा एक. त्याने पुन्हा दोन, जरा जोरात. "ते वाट पाहतात." तिची एक कमी, त्याची एक जास्त. मी कोपऱ्यातून म्हटलं, "अहो बाई, शेवटचा तुकडा तुमच्याकडे गिळतात. आम्ही अख्ख्या शब्दाचे पैसे मोजलेत, काही टाकून देत नाही." ती हसली. म्हणाली, "आजोबा, मग मला तुमच्या टिचक्या शिकवा." आणि खरंच शिकली. आता ती या घरात आली की दोन टिचक्या मारते. ब्लेझचं तोंड वाकडं आहे, पण त्या वेळी ते हसलं, हे मी पाहिलं.

बाकी तो बरा खातो.

तुझं म्हणणं मी खोटं धरलेलं नाही. खरं कसं धरावं तेवढं कळत नाही. ओमेरला माझा नमस्कार. पत्र टाक.

दादा


लूप्याँ, ३ मार्च

नोएली,

आज खुशाली विचारत बसत नाही, माफ कर. जे झालंय ते आधी सांगतो, नाहीतर हातातून निसटेल.

क्लोतिल्दबाईंनी मंगळवारी नवी चित्रं आणली. एका पट्टीवर कॅलेंडर, एकीवर ढग. "मी येईन" असं म्हटलं की कॅलेंडरवर बोट ठेवायचं, कारण दिवस ठरलेला आहे. "मी आले असते" म्हटलं की ढगावर, कारण मध्ये कुठला तरी "पण" अडकलेला आहे. बाई म्हणणार, ब्लेझने बोट ठेवायचं. सोपं काम.

बाई बोलत गेल्या आणि ब्लेझ दर वेळी कॅलेंडरवर बोट ठेवत गेला. ढगावर एकदाही नाही. बाईंचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, हे बरं लक्षण नाही. समजण्याचा भागही गेलाय की काय?" मी म्हटलं, "मला विचारून बघा." मी त्यांच्यासमोर बसलो. त्या बोलल्या. नोएली, आईशप्पथ सांगतो, त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. व्यँद्रे, व्यँद्रे, व्यँद्रे. मी म्हटलं, "बाई, ढगाचा केव्हा म्हणणार?" त्या म्हणाल्या, "आत्ता म्हटला की!"

तेवढ्यात झेली कालवांची टोपली घेऊन आली. तिलाही बसवलं. तिने तर प्रत्येक वेळी कॅलेंडरच ठोकलं आणि वर बाईंनाच म्हणाली, "पोरी, तुला सर्दी झालीय का?" पाव द्यायला आलेला गडी पायरीवरूनच ऐकून म्हणाला, दोन्ही सारखंच आहे, यात परीक्षा कसली? बाईंनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागल्या. मग त्यांनी समजावलं. लिहिताना "आले असते"च्या शेवटी एक स जास्त लागतो, एवढं मला पुस्तकं वाचून वाचून ठाऊक होतं. तो स मुका, हेही ठाऊक होतं. पण तिकडे वरच्या मुलखात तो मुका राहूनही आधीच्या स्वराचं तोंड उघडतो. "येईन" असेल तर व्यँद्रे. "आले असते" असेल तर व्यँद्रॅ. जबडा जरा खाली. आमच्या तळ्याकाठी दोन्हींना तोंड मिटलेलंच. आम्ही म्हणतही नाही आणि आम्हाला ऐकूही येत नाही. ब्लेझच्या मेंदूचा यात काही दोष नाही, तो अख्ख्या गावाचा कान आहे.

झेली म्हणाली, "थांबा, थांबा! म्हणजे माझा मेलेला नवरा लग्नाआधी 'तुला राणीसारखी ठेवीन' म्हणाला होता, तो 'ठेवली असती' म्हणाला होता तर! आणि मी मूर्ख चाळीस वर्षं मुकुटाची वाट बघत बसले!"

सगळे हसले. ब्लेझसुद्धा, डाव्या बाजूने. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तू रडत होतीस. दोनदा म्हणालीस. मागे इस्पितळाची घंटा वाजत होती, ती मला आता आठवते, तेव्हा मी ती स्टेशनची समजलो. तू "व्यँद्रॅ" म्हणाली होतीस ना? "मी आले असते रे ब्लेझ, आले असते." आणि आम्ही दोघं फोनला कान लावून "येईन, येईन" ऐकत होतो.

तो रॅ तुला कुणी शिकवला हेही मला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ओमेरच्या आईने. शब्द सरळ आल्याशिवाय ती सूप वाढायची नाही, तू सांगितलं होतंस. तुझी जीभ त्यांच्यासारखी वळली, आणि सुट्टीत इकडे आलीस की ब्लेझ म्हणायचा, "राणीसाहेब आता टोकदार बोलतात, तोंड सांभाळून बसा, टोचेल." तू हसायचीस. जेवण झालं की मागच्या दारी भांडी घासत बसायचीस, बराच वेळ.

तिकडच्या लोकांत तू इकडची राहिलीस, इकडच्या लोकांत तिकडची झालीस. आणि त्या एका दिवशी तू अगदी बरोबर बोललीस, तर ऐकणारे आम्ही निघालो.

ब्लेझला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते कळत नाही. मी बरोबर ओळखलं की नाही, एवढंच कळव. एका शब्दात कळवलंस तरी पुरे.

दादा


लूप्याँ, २४ मार्च

प्रिय नोएली,

गुडघा, खोकला, बाळ, कुत्रं, सगळ्यांची खुशाली कळव. तुझं उत्तर आलं नाही. हरकत नाही. कदाचित तू ते पत्र वाचून मागच्या दारी जाऊन बसली असशील.

ब्लेझला सांगितलं. ऐक कसं ते.

तो खिडकीशी बसला होता. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "ब्लेझ, नोएली व्यँद्रे नव्हती म्हणाली रे. व्यँद्रे म्हणाली होती."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही झटका त्याला नाही, मला आलाय. मी पुन्हा जोर देऊन म्हटलं. "व्यँद्रे नाही! व्यँद्रे!" जबडा खाली ओढून बघितला, हनुवटी हाताने धरली, आरशात बघून केलं. निघालं तेच. सत्तर वर्षं हे तोंड वापरतोय आणि बहिणीच्या बाजूने एक साक्ष द्यायची वेळ आली तर त्यातून हवा तो आवाज फुटेना. ब्लेझने डाव्या हाताने मला पाणी पुढे केलं. त्याला वाटलं, मला काही होतंय.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, आईच्या मातीपासून. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी त्यांच्या तोंडाने दोन्ही म्हणून दाखवलं, हळू, एकदा, दोनदा. ब्लेझ दोन्हींना मान डोलावत राहिला. त्याला ते एकच ऐकू येतं, तो तरी काय करणार?

शेवटी मी माझ्या खोलीत जाऊन तुझा फोटो आणला. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा, पांढऱ्या झग्यातला, पुढचा दात पडलेला. तो एक मी लपवून ठेवला होता, बाकीचे ब्लेझने त्या वर्षीच काढले. फोटो टेबलावर ठेवला, शेजारी कॅलेंडरची पट्टी. फोनसारखी मूठ कानाला लावली आणि मान हलवून "नाही" केलं. पट्टी बाजूला सारली. तिथे ढगाची पट्टी ठेवली. पुन्हा मूठ कानाला. मान डोलावून "हो". मग माझ्या पोटावर बोटाने टाके काढून दाखवले, एक एक, आणि डोळे मिटून आडवा पडल्यासारखं केलं.

ब्लेझने खुर्चीतून मान पुढे काढली. चित्राकडे बघत होता. मग कॅलेंडरची पट्टी त्याने बोटाने ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेली आणि खाली पाडली. तुझा फोटो ओढून ढगाच्या अगदी जवळ आणला. आणि नोएली, त्याच्या तोंडातून आवाज यायला लागला. नुसता घुमल्यासारखा. बाईंनी हलकेच टिचकी मारून दाखवली, बोला, तुकडे पाडून बोला. त्याने डावा हात उचलला आणि टेबलावर तीन टिचक्या मारल्या.

झा. तां. द्रे.

ऑक्टोबरपासूनचा पहिला पुरा शब्द. बाई टाळ्या वाजवायला लागल्या. "वाट पाहीन! आजोबा, ते म्हणतायत, मी वाट पाहीन!"

त्यांच्या कानाने तेच. माझ्या कानाला ते दोन्ही आहे. "मी वाट पाहीन," आणि "मी वाट पाहिली असती." तुझी वाट बघेन म्हणतोय, की बघितली असती पण आता शक्ती नाही म्हणतोय? बाईंनी पडलेली पट्टी उचलून दोन्ही पट्ट्या त्याच्यासमोर धरल्या. मी विचारलं, "कुठला रे? स लावून की स शिवाय?" त्याने हात उचलून दोन्ही पट्ट्यांवर पालथा टाकला. त्याचा पंजा तुला आठवतो ना, कालवांचे दोर ओढून ओढून रुंद झालेला. दोन्ही पट्ट्या त्याखाली झाकून गेल्या.

म्हणून मी तो शब्द इथे तसाच लिहितो, जसा ऐकला. झातांद्रे. शेवटचं अक्षर तू लाव.

तू ये असं मी आजवर म्हटलेलं नाही, हे आता ध्यानात आलं. दर वेळी का आली नाहीस एवढंच विचारत बसलो. तर आता म्हणतो. ये. हा शब्द मी कसाही उच्चारला तरी त्याचा एकच अर्थ होतो.

दादा


लूप्याँ, १२ एप्रिल

प्रिय नोएली,

बरी असशील असं धरून चालतो. ओमेर, लुदिव्हीन, बाळ, सगळे बरे असोत.

ब्लेझ बरा खातो असं फेब्रुवारीत लिहिलं, पुढे ते बदललं तरी कळवलं नाही, ते लपवणं होतं. ईस्टरच्या आधीपासून त्याला गिळता येत नाही. पाणीसुद्धा दाट करून चमच्याने द्यावं लागतं, आणि त्यातलं काही छातीत उतरतं. डॉक्टर काल येऊन गेले. छाती भरलीय म्हणाले. इस्पितळात न्यायचं का विचारलं, तर स्वतःच म्हणाले, नेऊन तरी काय करणार? पुढचा रविवार दिसेल की नाही सांगवत नाही.

आणखी एक गोष्ट लपवली होती. तो जो शब्द त्याला सापडला, तो आता सुटत नाही. तहान लागली तरी झातांद्रे. कूस बदलायची असली तरी झातांद्रे. झेलीने चादर बदलली, तिला झातांद्रे. पाद्रीबाबा मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले, त्यांनाही तेच. पाद्रीबाबा म्हणाले, "किती श्रद्धा!" झेली माझ्या कानात म्हणाली, "ह्यांना काय माहीत, त्याला बहुतेक लघवीला लागलीय." मला हसू आलं आणि मग ते थांबवायला बाहेर जावं लागलं. क्लोतिल्दबाईंनी मला खरं सांगितलं. अशा आजारात एखादा शब्द असा अडकून बसतो, दाराच्या फटीत बोट अडकावं तसा. त्यात अर्थ असेलच असं नाही.

असेलच असं नाही, म्हणाल्या. नसेलच असंही नाही म्हणाल्या. तुझा फोटो त्याने उशाशी घेतलाय, तो मी काढला तर डावा हात शोधत फिरतो. तेवढं मी स्वतः पाहिलेलं लिहितोय, बाकीचं माझ्या कानांचं सांगणं आहे आणि माझ्या कानांवर आता माझाच भरवसा नाही.

आज सकाळी मी औषधं आणायला गेलो असताना तुझा फोन येऊन गेला. इतक्या वर्षांनी या घरात तुझा फोन, आणि मी नाही! झेलीने घेतला. मी दारात पाऊल ठेवलं तशी म्हणाली, "नोएलीचा फोन होता. व्यँद्रे म्हणाली."

मी पिशवी तिथेच ठेवली. "कुठला? रे की रॅ?"

"मला काय विचारतोस? हात ओले, कानात वारा, आणि ती रडत होती. व्यँद्रे म्हणाली एवढं खरं."

"आणखी काय म्हणाली? गाडीचं? दिवस?"

"म्हणाली असेल. ब्लेझ आतून खोकायला लागला, मी फोन ठेवून पळाले. परत आले तर नुसता टूं टूं." मग तीच माझ्यापेक्षा जास्त रडायला लागली. "फुल्क्राँ, मला कान दिले नाहीत रे देवाने, नुसत्या भोकांनी डोकं भरलंय."

तिच्यावर रागावू नकोस. मी असतो तरी मला हेच ऐकू आलं असतं.

लगेच उलटा फोन केला. दुपारी केला, आता दिवेलागणीलाही केला. घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही. ओमेरला घेऊन डॉक्टरकडे गेली असशील. किंवा लुदिव्हीनकडे. किंवा बॅग भरून निघाली असशील आणि या घटकेला कुठल्या तरी स्टेशनवर दुखरा गुडघा चोळत बसली असशील. मी ब्लेझपाशी जाऊन बसलो. त्याला काय सांगू कळेना. "नोएली व्यँद्रे म्हणाली," एवढंच सांगितलं, कारण माझ्याकडेही तेवढंच आहे. तो म्हणाला, झातांद्रे.

तुझ्या खोलीतला पलंग झेलीने झटकून ठेवलाय. खिडकी उघडी टाकलीय, ओल निघून जाईल. मी रस्त्याच्या वळणाकडे बघायचं नाही असं ठरवलंय, पण खुर्ची आपोआप तिकडे वळते.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकतो. ते तुझ्या हातात पडूच नये. तुमच्या दाराच्या आत, बंद घरात, जमिनीवर तसंच पडून राहावं, आणि तू इथून परत गेल्यावर त्याच्यावर पाय पडून तुला ते सापडावं.

पण तू हे वाचत असशील, म्हणजे घरीच असशील, तर मी रागावणार नाही. तुझा गुडघा, ओमेरचा खोकला, मला सगळं कळतं. फक्त मग फोन करू नकोस. लिही. एकच शब्द लिही, तुझ्या हाताने, स असेल तर त्या शेपटीसकट, म्हणजे मी तो वाचून ब्लेझसमोर बरोबर पट्टी ठेवीन. आजच लिही, नोएली. उद्यावर टाकू नकोस.

तुझा
फुल्क्राँदादा